गंडम सीड डेस्टिनी: चौतिसाव्या भागानंतर ओसरलेली ओढ

‘मोबाइल सूट गंडम सीड डेस्टिनी’ ही ५० भागांची जपानी अ‍ॅनिमेशन मालिका मी गेल्या काही महिन्यांत, आठवड्याला दोन-तीन भाग अशा संथ गतीने, जपानी संवाद आणि इंग्रजी उपशीर्षकांसह पूर्ण पाहिली. तिची पूर्वकथा असलेली ‘गंडम सीड’ त्याआधीच पाहून झाली होती आणि ती मनापासून आवडली होती. डेस्टिनीच्या पूर्वार्धात पुढचा भाग कधी पाहतो असे होई. उत्तरार्धातले भाग मात्र मालिका अर्धवट सोडायची नाही एवढ्याच निश्चयाने पाहिले. महाकाय यंत्रमानवांच्या मालिकांत रस कमी होत जाणे नवे नाही, परंतु येथे तो कोठे आणि कशामुळे गेला हे बरेच नेमके सांगता येते. पुढील मजकुरात शेवटासह सगळे कथानक उघड होते, हे आधीच नमूद करतो.

दोन्ही मालिका सनराइज या स्टुडिओच्या असून दिग्दर्शक मित्सुओ फुकुदा आणि कथारचनेची मुख्य जबाबदारी सांभाळणाऱ्या चियाकी मोरोसावा हे दांपत्य दोन्हींमागे आहे. पहिली मालिका ऑक्टोबर २००२ ते सप्टेंबर २००३ या काळात, तर डेस्टिनी ऑक्टोबर २००४ ते ऑक्टोबर २००५ या काळात जपानमध्ये प्रसारित झाली. जन्मापूर्वी जनुकांत बदल केलेले ‘कोऑर्डिनेटर’ आणि तसे बदल न केलेले ‘नॅचरल’ यांच्यातील वैर हा दोन्हींचा पाया आहे. कोऑर्डिनेटरांच्या अवकाशातील वसाहतींना प्लांट आणि त्यांच्या सैन्याला झाफ्ट म्हणतात. पृथ्वीवर ऑर्ब नावाचे एक तटस्थ बेटराष्ट्र आहे, आणि डेस्टिनीची खरी सुरुवात तेथूनच होते.

पहिल्या मालिकेत ऑर्बवर झालेल्या आक्रमणाकडे आपण किरा यामातोच्या बाजूने, म्हणजे ‘फ्रीडम’ या यंत्राच्या चालकाच्या आसनातून पाहिलेले असते. डेस्टिनी तीच लढाई जमिनीवरून दाखवते. बंदराकडे धावणाऱ्या एका कुटुंबातील मुलीचा गुलाबी मोबाइल उतारावरून खाली पडतो, तो आणायला तिचा भाऊ शिन आसुका खाली जातो, आणि तेवढ्यात वर चाललेल्या यंत्रांच्या लढाईतील स्फोटात त्याचे आई-वडील आणि बहीण जागीच मरतात. पुढे हाच शिन प्लांटमध्ये जाऊन झाफ्टचा सैनिक होतो आणि ‘इम्पल्स’ हे नवे यंत्र चालवतो. ज्या नायकावर प्रेक्षकांनी वर्षभर प्रेम केले, त्याच्या शौर्याची किंमत कोणी मोजली, असा प्रश्न उत्तरकथेने पहिल्याच भागात विचारावा हे धाडस मला अजूनही विलक्षण वाटते. मालिकेत मी गुंतलो तो या प्रश्नामुळे.

पूर्वार्ध हा प्रश्न प्रामाणिकपणे पुढे नेतो. ज्युनियस सेव्हन या उद्ध्वस्त वसाहतीचे अवशेष पृथ्वीवर पाडणारे लोक तेथेच आप्त गमावलेले आहेत, म्हणजे त्यांचे दुःख शिनच्याच जातीचे आहे. आठव्या भागात शिन ऑर्बच्या समुद्रकाठच्या स्मारकापाशी जातो, तेव्हा तेथे किरा उभा असतो. दोघांनाही एकमेकांची ओळख नसते. खाऱ्या लाटांनी कोमेजणाऱ्या फुलांविषयी किरा काही बोलतो आणि फुले कितीही सुंदर उमलली तरी माणसे ती पुन्हा उडवूनच देतील, अशा आशयाचे उत्तर शिन देऊन निघून जातो. प्रसंग अगदी छोटा आहे. पुढे या दोघांना एकमेकांची खरी ओळख पटेल तेव्हा काय होईल, ही उत्सुकता मात्र मी कितीतरी आठवडे बाळगली.

यंत्रांविषयीही सांगायला हवे, कारण या प्रकारच्या मालिकेत यंत्राची रचना हा कथेचाच भाग असतो. इम्पल्स हे एकसंध यंत्र नाही. चालक बसतो ते छोटे विमान, छातीचा भाग आणि पायांचा भाग असे तीन तुकडे मिनर्व्हा या युद्धनौकेतून वेगवेगळे सुटतात आणि हवेत जोडले जातात. त्यावर वेगासाठी, तलवारबाजीसाठी किंवा तोफांच्या माऱ्यासाठी वेगवेगळा पाठसंच चढतो. वीज संपत आली की नौकेकडून किरणाद्वारे ती पुन्हा भरता येते. या रचनेमुळे शिन कधीच एकटा लढत नाही. नौका, तंत्रज्ञ आणि सुटे भाग पाठवणारे सहकारी यांच्यावर तो सतत अवलंबून असतो, आणि त्यामुळे त्याच्या विजयांना वजन येते. बांदाई या खेळणी बनवणाऱ्या कंपनीच्या, या यंत्राच्या मोठ्या प्रतिकृतीचेही असेच भाग सुटे होतात, ही गोष्ट मला फार आवडते.

या सगळ्याचे फळ चौतिसाव्या भागात मिळते. त्याआधीचा घटनाक्रम असा: नॅचरलांच्या बाजूने लढण्यासाठी कृत्रिमरीत्या घडवलेली शत्रूची सैनिक स्टेला हिला शिनने समुद्रात बुडताना वाचवलेले असते. पुढे तिची तब्येत ढासळू लागते, तेव्हा तिला पुन्हा युद्धात उतरवले जाणार नाही या वचनावर विसंबून तो तिला तिच्या लोकांकडे परत सोपवतो. वचन मोडले जाते. बत्तिसाव्या भागात ‘डिस्ट्रॉय’ नावाच्या अजस्र यंत्रातून स्टेला बर्लिन उद्ध्वस्त करत असताना किराचे फ्रीडम ते यंत्र नष्ट करते आणि ती शिनच्या हातांत प्राण सोडते. किराकडे दुसरा मार्ग नव्हता आणि शिनचा संतापही रास्त होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या वाटाव्यात असे लेखन या प्रकारच्या मालिकांत क्वचितच सापडते.

मग शिन आणि त्याचा सहकारी रे फ्रीडमच्या लढण्याच्या पद्धतीचा अभ्यास करतात. किरा शत्रूचा जीव घेणे टाळतो. तो चालकाच्या कक्षाऐवजी यंत्राचे डोके, हात आणि शस्त्रे तोडतो. म्हणजेच त्याचा नेम कोठे असेल याचा अंदाज बांधता येतो. ज्या संयमामुळे किरा आदरणीय ठरतो, त्याच संयमातून त्याच्या पराभवाची वाट काढली जाते. प्रत्यक्ष लढतीत शिन इम्पल्सचे भाग ऐन वेळी सुटे करून वार चुकवतो, तुटलेल्या भागांच्या जागी मिनर्व्हाकडून नवे मागवतो आणि अखेरीस तलवार फ्रीडममध्ये आरपार घुसवतो. लढतीतील प्रत्येक डावपेच आधी दाखवलेल्या गोष्टींतून निघालेला आहे आणि प्रत्येक वारामागे दोन माणसांचा इतिहास उभा आहे. तो भाग संपला तेव्हा एक थोर मालिका पाहत असल्याची माझी खात्री होती.

यानंतर माझा रस ओसरू लागला. किरा त्या लढतीतून वाचतो, आणि त्याला माझी हरकत नाही. एकोणचाळिसाव्या भागात त्याला ‘स्ट्राइक फ्रीडम’ हे नवे यंत्र मिळते. त्याच्या पंखांवरील आठ सुट्या तोफा स्वतंत्रपणे उडून मारा करतात, दोन बंदुका आणि पोटातील तोफ वेगळीच, आणि शक्तीचा तुटवडा जवळजवळ नाहीच. तेथून पुढे किरा एकाच वेळी अनेक लक्ष्यांवर नेम धरतो, सगळीकडे किरण सुटतात आणि शत्रूची यंत्रे निकामी होतात. त्याला कोणी जखमी करू शकत नाही, कोणी कोंडीत पकडू शकत नाही. शिनने त्याची जी मर्यादा शोधून काढली होती ती जणू अस्तित्वातच नव्हती, अशा थाटात कथा पुढे जाते. चौतिसावा भाग घडल्याची जाणीव नंतरच्या लढायांत कोठेच दिसत नाही, आणि माझ्या मते मालिकेचे सर्वांत मोठे नुकसान याच ठिकाणी झाले.

शिनची अवस्था त्याहून वाईट होते. त्याला मालिकेच्याच नावाचे ‘डेस्टिनी’ हे यंत्र मिळते, पण त्याच सुमारास निर्णय घेण्याची ताकद त्याच्याकडून काढून घेतली जाते. प्लांटचे अध्यक्ष ड्युरान्डल आणि रे सांगतील तसे तो वागतो आणि पडद्यावर त्याचा वेळ कमी होत जातो. झाफ्टमधून पळणाऱ्या आपल्या माजी वरिष्ठाला, अथ्रुनला, तो पाडतो. या प्रसंगातून त्याच्या मनात जे माजायला हवे होते ते काही क्षणांत आटोपले जाते. अखेरच्या लढाईत, त्यातून वाचून किराच्या बाजूला गेलेला अथ्रुन त्याला हरवतो आणि चंद्राच्या पृष्ठभागावर बसून युद्धाचा शेवट पाहणे एवढेच त्याच्या वाट्याला येते. ज्याच्या जखमेतून कथा सुरू झाली त्याला कथेने प्रश्न विचारण्याचा हक्कही ठेवला नाही, याचे मला आजही दुःख होते.

पुनरावृत्तीची तक्रार अनेक प्रेक्षक करतात आणि ती खरी आहे. विसावा, एकोणतिसावा आणि एकेचाळिसावा हे भाग बहुतांश जुन्या दृश्यांवर उभे आहेत, आणि लढायांतही यंत्रांच्या त्याच त्या हालचाली पुन्हा वापरलेल्या आढळतात. पूर्वार्धात ते मला खटकले नव्हते. कथा ओढून नेत असते तेव्हा हे सहज चालून जाते. ती थांबली की मात्र तेच चित्रण डोळ्यांत सलू लागते.

ड्युरान्डलविषयी थोडे अधिक. त्याचा आवाज शुइची इकेदा यांचा आहे. १९७९ च्या मूळ गंडममध्ये नायकाचा मुखवटाधारी प्रतिस्पर्धी शार याला आवाज देणारे हेच, त्यामुळे जुन्या प्रेक्षकांच्या मनात ड्युरान्डलविषयी पहिल्या वाक्यापासून संशय जागा होतो. जनुके पाहून प्रत्येकाला त्याचे काम आणि स्थान ठरवून द्यावे, म्हणजे असूया आणि युद्ध संपेल, अशी त्याची योजना आहे. जनुकांच्या फरकावरून रक्त सांडणाऱ्या जगात हा विचार खरोखर वजनदार आहे आणि त्याला विरोध करणाऱ्यांनी तितक्याच वजनाचे उत्तर द्यायला हवे होते. योजना जाहीर होते तीच शेवटच्या मोजक्या भागांत. लगेच चंद्रावरील ‘रेक्विएम’ या महाअस्त्राचा वापर होतो, ड्युरान्डल उघड खलनायक ठरतो आणि वाद संपतो. जन्मानेच माणसाची जागा ठरवणाऱ्या व्यवस्थेचा प्रदीर्घ अनुभव असलेल्या आपल्या समाजातल्या प्रेक्षकाला ही उणीव विशेष जाणवेल. ड्युरान्डलचे म्हणणे कोणी खोडून काढावे, याची मी शेवटच्या भागापर्यंत वाट पाहिली.

ज्या भेटीसाठी मी आठव्या भागापासून थांबलो होतो ती मूळ ५० भागांत येतच नाही. डिसेंबर २००५ मध्ये दाखवलेल्या विशेष समारोपात ती आहे: त्याच स्मारकापाशी फ्रीडमचा चालक म्हणून किराची ओळख करून दिली जाते, तो हात पुढे करतो आणि शिनला रडू कोसळते. प्रसंग हळवा आहे, पण त्यात शिनला एकही प्रश्न विचारता येत नाही.

मालिका पाहावी का, असे कोणी विचारले तर चौतिसाव्या भागापर्यंत जरूर पाहावी असे मी सांगेन. त्यापुढचे भाग कथानक पूर्ण करण्यापुरते आहेत. पूर्ण मालिका पाहिलेल्यांनी जानेवारी २०२४ मध्ये जपानमध्ये प्रदर्शित झालेला ‘गंडम सीड फ्रीडम’ हा चित्रपट चुकवू नये. मोरोसावा यांचे २०१६ मध्ये निधन झाले. त्यांनी सुरू केलेले पटकथेचे काम पुढे नेऊन फुकुदा यांनी तो पूर्ण केला. त्यात शिन किराच्या हाताखाली काम करतो, त्याच्या मनाचे ओझे बरेच हलके झालेले असते, आणि शेवटच्या लढाईत डेस्टिनी पुन्हा हाती आल्यावर मन वाचणाऱ्या शत्रूंना तो एकटा पुरून उरतो. त्याच्या मनात शिरू पाहणाऱ्यांना तेथे स्टेला भेटते. मालिकेने जे त्याच्याकडून काढून घेतले होते, त्यातले बरेचसे त्या काही मिनिटांत त्याला परत मिळते.