अठराची तेरा झाली: भारताची निळी जर्सी, साडेतीन महिने वापरून

कापडाबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगतो. तक्रार आठाबद्दल आहे. पाठीवरच्या अठरामधला आठ. मागे एका सकाळी कपाटातून जर्सी काढली तर त्याचा उरलासुरला काठही उचलला गेलेला, म्हणून हे लिहायला बसलो.

जर्सी कुठली ते वेगळं सांगायला नको. भारताची वनडेची निळी. अस्सल नव्हे, 'फर्स्ट कॉपी'. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला, संघाच्या छातीवरचं प्रायोजकाचं नाव गेलं, आणि ते नाव छापलेला माल दुकानदारांच्या गळ्यात पडला. महिन्याभरापूर्वी सहाशे सांगत होते ती मला ३९९ ला मिळाली. तसंही आयसीसीच्या स्पर्धेत छातीवर देशाचंच नाव मोठं असतं, प्रायोजक बाहीवर जातो. त्यामुळे माझी जर्सी विश्वचषकाची नाही हे जाणकाराला लांबूनही कळतं. कळू दे. दोनशे रुपये वाचले.

नंबराचे पैसे वेगळे. एका अंकाला ६०, म्हणजे अठराचे १२०. नाव हवं तर अक्षरामागे २०. अठरा हा महिला संघातल्या स्मृती मानधनाचा नंबर. इंग्रजीत 'मानधना' आठ अक्षरांचं होतं, म्हणजे आणखी १६०. मी म्हटलं, नाव कशाला? महिलांचा विश्वचषक आपल्याकडे होतोय, सांगलीची पोरगी सलामीला येते, अठरा दिसल्यावर कुणाला कळणार नाही?

कुणालाच कळलं नाही. पुरुषांच्या संघात अठरा विराट कोहलीचा ना. लिफ्टमध्ये "काय, विराट?" वॉचमन "विराटभाई". भाजीवाला सुद्धा. १६० रुपये वाचवून मी महिनाभर दुसऱ्याच माणसाचा चाहता म्हणून फिरलो. अर्थात ही चूक माझी, दुकानदाराची नाही. त्याची चूक पुढे येते.

३० सप्टेंबरला गुवाहाटीत श्रीलंकेला हरवलं, ५ ऑक्टोबरला कोलंबोत पाकिस्तानला ८८ धावांनी. दोन्ही सामने मी ही जर्सी घालून टीव्हीसमोर पाहिले, दोन्ही वेळा आठ शाबूत. ६ तारखेला कोजागरी होती. गच्चीवर मसाला दूध पिताना अर्धा ग्लास पोटावर सांडला, आणि ७ ला जर्सीची पहिली धुलाई झाली. मशीनमध्ये, टॉवेलांबरोबर, कोमट पाण्यात.

९ ला विशाखापट्टणमला दक्षिण आफ्रिकेकडून हरलो. रिचा घोषच्या ९४ धावा वाया. नदीन डी क्लर्कनं ५४ चेंडूंत नाबाद ८४ मारून सामना ओढून नेला. मी बायकोकडे नुसतं पाहिलं. ती म्हणाली, "अहो, दुधाचा वास येत होता." विषय संपला, पण जर्सी आता स्पर्धा संपेपर्यंत धुवायची नाही असं मी जाहीर करून टाकलं.

मग १२ ला ऑस्ट्रेलियानं आपल्या ३३० धावा पार केल्या, एलिसा हिली १४२. १९ ला इंदूरमध्ये इंग्लंडकडून चार धावांनी हरलो. स्मृती ८८ वर असताना उचलून मारायला गेली आणि तिथून सामना निसटला. ही पराभवांची ओळ लागली ती न धुतलेल्या जर्सीत. पॉलिएस्टर घामाचा वास कसा धरून ठेवतं हे ज्यांना माहीत नाही त्यांनी ऑक्टोबर हीटमध्ये एकच जर्सी दोन आठवडे न धुता वापरून पाहावी. सुती बनियन बिचारं असं करत नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी मुलगी म्हणाली, "बाबा, न धुता पण हरतोयच ना आपण? मग धुवा तरी." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसरी धुलाई झाली.

२३ तारखेला भाऊबीज आणि न्यूझीलंडचा सामना एकाच दिवशी, तोही आमच्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. या विश्वचषकाची तिकिटं शंभर रुपयांपासून सुरू होती. म्हणजे अख्ख्या सामन्यापेक्षा माझ्या पाठीवरचा आकडा महाग. ताईला सकाळीच बोलावून घेतलं, ओवाळून झालं, आणि तीनच्या सामन्यासाठी मी आणि मुलगी चालत निघालो. मागच्या रांगेतला एक पोरगा माझी पाठ वाचून म्हणाला, "काका, विराट तर सकाळीच गेला, शून्यावर." खरंच होतं. त्याच दिवशी ॲडलेडला पुरुषांचा वनडे होता. त्याला म्हटलं, "बाळा, ही अठरा ती नव्हे, समोर बघ." समोर स्मृतीनं १०९ केले, प्रतीका रावलनं १२२, दोघींची सलामी २१२ ची. पाऊस आला, गणित बदललं, पण ५३ धावांनी जिंकलो आणि उपांत्य फेरीत पोचलो. तो पोरगा नंतर "स्मृती काका" म्हणायला लागला. १६० रुपये तिथे वसूल झाले असं मी धरतो.

घरी येऊन जर्सी काढली तेव्हा पहिल्यांदा दिसलं. आठाची डावी कड सुटली होती. बोटानं दाबली की बसायची, सोडली की उठायची.

२६ ला बांगलादेशचा सामना. जर्सी धुतली नव्हती. सामनाच पावसानं धुतला. त्यात प्रतीकाचा घोटा दुखावला आणि शफाली वर्माला बाहेरून बोलावलं.

आता माझी पंचाईत बघा. धुतली की जिंकतो, असा नवा हिशोब घरात मान्य झाला होता (७ तारखेचं दूध अपवाद, असं मुलीनं ठरवलं), आणि धुतली की आठ सुटतो हे मला दिसत होतं. उपांत्य सामना ऑस्ट्रेलियाशी. मी २९ ला स्वतः थंड पाण्यात, बादलीत, हातानं धुतली. पिळली नाही. तरी दोरीवरून काढताना आठाची डावी बाजू, म्हणजे वरच्या आणि खालच्या दोन्ही गोलांचा डावा अर्धा भाग, गळून पडला. इंग्रजी आठाचा डावा भाग गेला की काय उरतं? तीन. माझ्या पाठीवर आता तेरा.

आणि ३० च्या रात्री ३३९ चं लक्ष्य पार झालं. जेमिमा रॉड्रिग्ज नाबाद १२७. महिलांच्या वनडेत एवढा मोठा पाठलाग तोपर्यंत कुणी केला नव्हता. अमनजोतनं चौकार मारल्यावर आमच्या घरात जो गोंधळ झाला त्यात आठाचा गळलेला तुकडा कुठे गेला ते कळलं नाही.

अंतिम सामन्याची तिकिटं मिळाली नाहीत. नेरूळमध्ये राहून स्टेडियमचे दिवे खिडकीतून बघत बसायचं, ही शिक्षा मी कुणाला सांगणार नाही. सोसायटीनं गच्चीवर पडदा लावला होता. दुपारी पाऊस. तीनचा सामना पाचला सुरू झाला, तोवर आम्ही चौघं प्रोजेक्टरवर ताडपत्री धरून उभे. जर्सी चिंब भिजली. चौथी धुलाई म्हणा. इथे एक गोष्ट कबूल करतो: अर्ध्या तासात अंगावरच वाळली. कापड उत्तम आहे, हे मी रागातही नाकारणार नाही.

शफाली ८७, दीप्ती शर्मा ५८, आपल्या २९८. मग दक्षिण आफ्रिकेच्या वॉल्वार्टचं शतक, आणि अमनजोतनं तिचा झेल तीनदा उडवत पकडला. पडद्यावर झेल दिसायच्या आधीच स्टेडियमकडून आरडाओरडा आला, त्यामुळे आम्ही चेंडू हवेत असतानाच नाचत होतो. मध्यरात्रीच्या सुमारास हरमनप्रीतनं शेवटचा झेल घेतला. ५२ धावांनी. २००५ ला अंतिम सामना हरलो, २०१७ ला लॉर्ड्सवर नऊ धावांनी हरलो, आणि हा आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर.

पडद्यावर प्रशिक्षक अमोल मुझुमदार दिसले तेव्हा गच्चीवरची जुनी मंडळी जरा गप्प झाली. शालेय क्रिकेटात सचिन–कांबळीची ६६४ ची भागी चालू असताना पॅड बांधून बसलेला मुलगा. प्रथम श्रेणीत ११ हजारांच्या वर धावा, आणि भारताची जर्सी खेळाडू म्हणून एकदाही नाही. मी ३९९ देऊन घातलीये आणि वर आठाची तक्रार करतोय. पण तक्रार ती तक्रार, साठ रुपये मोजलेत.

तर नोव्हेंबरच्या मध्यावर दुकानात गेलो. मालक म्हणाला, "काका, मशीनला लावली असणार." मी म्हटलं, जर्सी काय पूजेत ठेवायला घेतली? तो म्हणाला, "नंबरवर गॅरंटी नाही." मी विचारलं, कुठे लिहिलंय? तर बिलच नाही, पेनानं लिहिलेली चिठ्ठी. वीस मिनिटं वाद झाला. मागे दोन पोरं अठरा नंबर छापून घ्यायला उभी होती, त्यांना मी माझी पाठ दाखवली. तेव्हा कुठे तो नरमला.

वादातून एक शिकलो, ते तुम्हालाही उपयोगी पडेल. हा आकडा म्हणजे छपाई नसते. रंगीत प्लास्टिकसारखी फिल्म कापून गरम प्रेसखाली कापडावर चिकटवतात. दुसरा प्रकार सब्लिमेशनचा: त्यात शाई कापडाच्या धाग्यातच उतरते, ती सोलून निघूच शकत नाही. पण गडद निळ्यावर पांढरा आकडा त्या पद्धतीनं उमटत नाही, कारण त्यात पांढरी शाईच नसते; पांढरं हवं तर कापड मुळात पांढरं घेऊन बाकीचा निळा रंग छापावा लागतो. तयार निळ्या जर्सीवर मग फिल्मच. आणि काही फिल्म प्रेसमधून काढल्यावर थंड होऊ द्यावी लागते, मगच वरचा पारदर्शक कागद सोलायचा. गरम असताना ओढला की कडा तेव्हाच सैल होतात. स्पर्धेच्या दोन दिवस आधी त्या दुकानात जी झुंबड होती ती मी पाहिली आहे. माझ्या आठाला थंड व्हायला वेळ मिळाला असेल यावर माझा विश्वास नाही.

डावीच बाजू का गेली, यावरही मी बराच विचार केला. जर्सी घडी घालताना पाठीवर मधोमध उभी मोड येते. अठरा मध्यावर छापलेला. म्हणजे मोड बरोबर एक आणि आठाच्या मधून, आठाच्या डाव्या काठाला लागून. प्रत्येक घडीला तो काठ वाकत होता. तेव्हा घडी नका घालू, हँगरला लावा.

इथपर्यंत लिहिलं आणि बायकोनं खांद्यावरून वाचलं. म्हणाली, "भाऊबीजेला इस्त्री मी केली होती की. ताई येणार म्हणून. आकड्यावरून पण फिरवली, चुरगळला होता."

आकड्यावरून. सरळ. गरम इस्त्री.

आता मला वरचं सगळं खोडावं लागेल, पण खोडत नाही, कारण बिल न देणं आणि गरमागरम कागद ओढणं या गोष्टी आपापल्या जागी आहेत. मात्र एक तारा देणार होतो, त्याचे तीन करतो. इस्त्री करायचीच तर जर्सी उलटी करून, आकड्याच्या मागून, कमी तापमानाला. किंवा वर बटर पेपर ठेवून. हे मी नंतर करून पाहिलं आणि एकाचा सुटू लागलेला कोपरा खरोखर परत बसला. आठाला मात्र फायदा नाही, तिथे चिकटायला काही उरलंच नाही.

बाकी थोडक्यात. साइज लहान येतो, पोट असेल तर एक नंबर मोठी घ्या. कॉलरची शिलाई ठीक. रंग चार धुलायांनंतर तसाच, पुढे मोजणं सोडलं.

गेल्या रविवारी पुन्हा दुकानात गेलो. नवा आठ ६० ला लावायला तो तयार झाला, तीन फुकट काढून देईन म्हणाला. मग विचारलं, "नाव टाकू का? विश्वविजेत्या झाल्यात, आता सगळे नाव टाकून घेतात." मी म्हटलं, अक्षराला १५. तो म्हणाला, २०. मी उठलो. दारापर्यंत आल्यावर मागून आवाज आला, "काका, अठरा. अठरावाल्यांना अठरा." आठ अक्षरं, १४४ रुपये. सप्टेंबरच्या भावापेक्षा १६ कमी.

जर्सी अजून त्याच्याकडेच आहे, शनिवारी मिळेल म्हणालाय. कागद थंड झाल्यावर सोल, असं तीनदा बजावून आलोय.