ट्री पिओनी, साधी पिओनी की इतो? आधी घरात किती वर्षं राहणार ते सांगा

न्यू जर्सीत किंवा इंग्लंडात नवं घर घेतलेल्या मैत्रिणी मे महिन्यात हमखास पिओनीबद्दल विचारतात. शेजारच्या अंगणात वीतभर रुंदीचं फूल दिसलेलं असतं, आणि नर्सरीत गेल्यावर कळतं की पिओनी तीन तऱ्हेची मिळते: ट्री, साधी आणि इतो. मी त्यांनाच विचारते, या घरात किती वर्षं राहणार आहात?

ट्री पिओनी नावाला झाड, प्रत्यक्षात कमरे-छातीएवढं झुडूप. थंडीत पानं गळतात, पण लाकडी फांद्या उभ्या राहतात आणि पुढच्या वसंतात कळ्या त्याच फांद्यांवर धरतात. साधी पिओनी आपल्या हळदीसारखी. वरचा सगळा भाग वाळून जातो आणि थंडी सरली की जमिनीतल्या डोळ्यांतून लालसर कोंब वर येतात.

हा फरक ठाऊक नसला की काय होतं ते मी पाहिलंय. अंगण साफ करायला आलेल्या माणसाने साध्या पिओनीसोबत माझी ट्री पिओनीही जमिनीलगत कापून टाकली. बाजारातली बहुतेक ट्री पिओनी साध्या पिओनीच्या मुळावर कलम केलेली असते. वसंतात माझ्याकडे वर आली ती खुंटाची, म्हणजे खालच्या साध्या पिओनीची पानं. ट्री पिओनीचं पान टोकाला कातरल्यासारखं असतं, ही सरळ भाल्यासारखी होती. मला फार वाईट वाटलं.

म्हणूनच ट्री पिओनी लावताना कलमाचा सांधा चार ते सहा इंच मातीखाली घ्यायचा, म्हणजे वरच्या भागाला स्वतःची मुळं फुटतात. आंब्याच्या कलमाचा सांधा मातीच्या वर ठेवायला शिकलेल्या कोकणातल्या हाताला हे पटत नाही, पण करायचं तसंच. साध्या पिओनीचं उलट. डोळे दोन इंचांहून खोल गेले तर पानं भरपूर येतात, फुलं येत नाहीत.

घरात तीन-चार वर्षंच राहायचं असेल, व्हिसाचं काही ठरलेलं नसेल, तर साधी पिओनीच घ्या. ती स्वस्त असते, तिला दिवसाचे सहा तास ऊन पुरतं, आणि घर बदलताना शरद ऋतूत गड्डा उकरून, विभागून सोबत नेता येतो. फुलदाणीतही तीच टिकते. ‘सारा बर्नहार्ट’सारख्या भरगच्च गुलाबी जातीला मात्र आधार द्यावा लागतो, नाहीतर पहिल्याच पावसात फुलं मातीला टेकतात.

ट्री पिओनीला जागा बदललेली सोसत नाही. लहान कलमाला मनासारखी फुलं यायला तीन ते पाच वर्षं लागतात, आणि उशिराच्या हिमाने कळ्या करपल्या तर ते वर्ष गेलंच. तरीही कायमचं घर असेल तर माझं मत तिलाच. साधी फुलण्याआधी आठ-पंधरा दिवस ती फुलते, पाकळ्या रेशमासारख्या चुरगळलेल्या, आणि झुडूप नातवंडांपर्यंत टिकतं. चीनमध्ये हिला मुदान म्हणतात, साधीला शाओयाओ, म्हणजे नावंसुद्धा वेगळी. लुओयांगला एप्रिलमध्ये मुदानचा उत्सव भरतो. तिला दुपारची सावली आणि वाऱ्यापासून आडोसा द्या, पाणी मुळाशी साचू देऊ नका.

इतो हा या दोघींचा संकर. जपानच्या तोइची इतो यांना 1948 मध्ये तो साधला, पण फुलं उमलली तेव्हा ते हयात नव्हते. याची फुलं ट्री पिओनीसारखी, आणि खोड थंडीत वाळतं म्हणून शरदात निर्धास्त कापता येतं. आधार लागत नाही, बहरही लांबतो. बागेतल्या साध्या पिओनीत गडद पिवळा जवळजवळ नाहीच, त्यामुळे पिवळ्यासाठी जीव अडकला असेल तर ‘बार्टझेला’ ही इतो जात घ्या. किंमत मात्र साधीपेक्षा बरीच जास्त.

पुण्या-नाशिकहून कुणी विचारलं तर तिन्हींना नाही म्हणते. कळी धरायला आठवडेच्या आठवडे कडाक्याची थंडी लागते, महाबळेश्वरची पुरत नाही.

लागवड सप्टेंबर-ऑक्टोबरात करा. माझी नवी ट्री पिओनी आता चौथ्या वर्षात आहे. दर ऑक्टोबरात तिच्या फांदीला मी लाल फीत बांधते, म्हणजे कुणाची कात्री तिकडे वळत नाही.