हब डायनॅमो : सहाशेच्या बीआरएमसाठी भरून घेतलेल्या चाकाचे परीक्षण

सहाशे किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेरीला, ४० तासांची मुदत असते. छत्रपती संभाजीनगरहून पहाटे सहाला निघालेला सायकलस्वार मुदतीच्या काठावर परतला, तर दुसऱ्या दिवशीचे रात्रीचे दहा वाजलेले असतात. म्हणजे एक अख्खी रात्र आणि वर दुसरी संध्याकाळ त्याला दिव्याच्या भरवशावर काढावी लागते. दोनशे आणि तीनशेला चार्जिंगचा दिवा व एक पॉवर बँक पुरते. चारशेपासून पुढे हिशेब बदलतो, म्हणून या हंगामासाठी पुढच्या चाकात हब डायनॅमो, म्हणजे चाक फिरताना दिव्यासाठी वीज तयार करणारा हब (चाकाचा मधला भाग), घालून घेतला.

टायरला घासून घरघरणारा जुना डायनॅमो बहुतेकांना आठवत असेल. हा त्याच्याहून वेगळा आहे. चाकाच्या मध्यभागी, आसाभोवती गुंडाळी स्थिर असते आणि चुंबक चाकाबरोबर फिरतात. टायरशी संबंधच नसल्यामुळे पावसात तो घसरत नाही आणि आवाजही करीत नाही. उत्पादन ६ व्होल्ट, ३ वॅट. दिवा चालू असताना पायांवर थोडा भार पडतो खरा, पण समोरून वारा असला की तो भार कळतही नाही.

धुळे-सोलापूर महामार्गावर बीडच्या पुढे रात्री चालवताना याची खरी परीक्षा झाली. सपाटीवर प्रकाश स्थिर व भरपूर मिळतो, आणि जर्मन नियमांनुसार बनवलेल्या दिव्याचा झोत वरच्या बाजूने कापलेला असल्यामुळे समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर तो येत नाही. मात्र बीआरएमचा हंगाम आणि आपल्याकडचा गाळपाचा हंगाम एकाच वेळी चालतो, आणि मागे लाल दिवा तर सोडाच, साधा रिफ्लेक्टरही नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्याच्या कडेने चाललेल्या असतात. कापलेल्या झोतात अशा ट्रॉलीची चाके दिसतात. मागे बाहेर आलेली मोळ्यांची टोके नेमकी चेहऱ्याच्या उंचीवर, अंधारात राहतात. त्यामुळे हेल्मेटवर एक छोटा दिवा जोडीला असावाच, असे माझे स्पष्ट मत आहे. विक्रेते हे सांगत नाहीत.

मांजरसुंब्याच्या चढावर वेग चालणाऱ्या माणसाइतका उरला की दिवा लुकलुकू लागतो. थांबल्यावर आतल्या, थोडी वीज साठवणाऱ्या कपॅसिटरवर तो काही मिनिटे मंद तेवत राहतो. पंक्चर काढायला तेवढा उजेड कसाबसा चालतो, आणि बाभळीच्या काट्यांच्या या मुलखात ती वेळ येतेच. डायनॅमोवर मोबाईल चार्ज करण्याची जाहिरात मात्र जपून वाचावी. रात्री दिवा आणि चार्जर दोन्ही एकदम चालवण्याइतकी वीज ३ वॅटमध्ये नसते, आणि चढावर तर चार्जिंग तुटून तुटून होते. दिवसा सपाटीवर पॉवर बँक भरायची आणि मोबाईल तिच्यावर लावायचा, ही पद्धत बरी.

आता दुकानाविषयी. चाक भरण्याचे, म्हणजे हब आणि रिम आऱ्यांनी जोडण्याचे काम शहरातल्या ज्या दुकानाने केले, त्याचे नाव येथे देत नाही. आरे योग्य लांबीचे मागवले, हबची छिद्रे आणि रिमची छिद्रे जुळतात की नाही हे आधी पाहिले, इथपर्यंत काम उत्तम. परंतु आऱ्यांचा ताण सारखा नव्हता. चाक फिरवून पाहिले तर आऊट (चाकाचा वाकडेपणा) दिसत नव्हता, पण जोडीने आरे दाबल्यावर काही सैल लागत होते, आणि पहिल्या लांब फेरीनंतर चाक डुलू लागले. पुन्हा नेल्यावर त्यांनी पैसे न घेता आऊट काढून दिला. ताणमापक यंत्र मात्र दुकानात नाही, सगळे काम हाताच्या अंदाजाने चालते. हबच्या किमतीच्या मानाने मजुरी वाजवी आहे, पण चाक हाती येण्यास सांगितल्यापेक्षा बराच उशीर झाला.

फ्रान्समधली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सायकल फेरी २०२३ नंतर आता २०२७ मध्ये आहे, आणि सुमारे १२०० किलोमीटरच्या त्या फेरीसाठी दोनशे ते सहाशेच्या बीआरएमची मालिका आधी पूर्ण करावी लागते. ज्यांच्या मनात ते आहे त्यांनी हे चाक दिवाळीच्या आत भरून घ्यावे आणि पहिली दोनशे त्याच चाकावर करावी, म्हणजे सैल आरे, ढिली वायर आणि दिव्याचा चुकलेला कोन हे सारे दिवसाउजेडी लक्षात येते.