नमुना केव्हलारचा, पुडक्यात भलतंच

नाशिकमध्ये कुणी केव्हलारचं, म्हणजे बुलेटप्रूफ जॅकेटमधल्या चिवट धाग्याचं, कापड मीटरवर विकत असेल, तर काउंटरवरच्या नमुन्यावर जाऊ नका. तुमच्यासाठी फाडलेला तुकडा तिथंच, त्याच्यासमोर कापून बघा. आम्हाला टोपी घातली गेली ती नेमकी याच फटीतून.

मेहुण्याचं निफाड तालुक्यात शेततळं आहे. त्यात रोहू-कटला सोडलेत. जाळं टाकायला छोटी होडी हवी म्हणून आम्ही 6 मिलिमीटरच्या मरीन प्लायची (पाण्यात टिकणारं प्लायवूड) दहा फुटी होडी घरीच बांधायला घेतली. तळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरलेला. प्लायची कड फुगून एखादं कुसळ निघालं आणि कागदात घुसलं, तर होडी राहील बाजूला, पाणीच जाईल. म्हणून बाहेरून कापड आणि इपॉक्सी, म्हणजे सुकून कडक होणारं रेझिन, चढवायचं ठरलं होतं. यादीत साधं 300 जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम भरणारं, काचेच्या धाग्यांचं कापड होतं, बास.

औद्योगिक वसाहतीच्या बाजूच्या त्या दुकानदारानं यादी वाचली आणि हसला. "दादा, काच कशाला लावताय? बुलेटप्रूफ जॅकेटचं कापड देतो." पिवळाधमक तुकडा काढला, कात्री मेहुण्याच्या हातात दिली, म्हणाला, कापून दाखवा. कात्री नुसती घसरत होती, धागे चेमटत होते, तुटत नव्हते. नमुना अस्सल होता, हे आजही सांगतो. मग पोऱ्या आतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं घेऊन आला. मीटरला 1800 रुपये, सहा मीटर. सोबत काचेचं कापडही घेतलं.

घरी मापाला कापायला बसलो तर बायकोची शिवणाची कात्री त्या पिवळ्या कापडातून सरसर गेली. कडेचा दोरा काढून लायटर लावला. तो वितळला, थेंब पडला आणि गार झाल्यावर कडक गोळी झाली. केव्हलार वितळत नाही. काळं पडून कोळपतं आणि ज्योत काढली की विझतं. म्हणजे हे पिवळं रंगवलेलं पॉलिस्टर.

पॉलिस्टर कापड होडीला अजिबातच लावत नाहीत असं नाही. घासलं जाण्यापासून ते तळ बऱ्यापैकी वाचवतं. पण त्याचे धागे ताणतात, त्यामुळे होडीला ताठपणा काचेइतका येत नाही. रेझिनही भसाभसा पितं, आणि वजन वाढतं ते रेझिननं. शिवाय काचेचं कापड इपॉक्सीत भिजलं की पारदर्शक होतं, हवा कुठं अडकली ते पांढऱ्या डागावरून लगेच कळतं. ह्या पिवळ्याखाली काय दिसणार, कपाळ! आणि खरं सांगायचं तर आमच्या कामाला अस्सल केव्हलारही नकोच होतं. पॉलिश पेपर मारला की त्याचे तंतू उसवून लव उभी राहते, गुळगुळीत होत नाही.

मग काचेच्या कापडावरही संशय आला. दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटरचा चौकोन कापून सराफ बाजारात ओळखीच्या सोनाराकडे नेला. चौरस मीटरला 300 ग्रॅम, तेव्हा हा चौकोन 3 ग्रॅम भरायला हवा. काटा 1.96 वर थांबला. सोनार म्हणाला, "घडणावळ किती लावली?" त्याला विनोद सुचत होते. 200 चं कापड 300 च्या भावात आलं होतं. तुमच्याकडे किराण्याचा काटा असेल तर मीटरभर सलग तुकडा ठेवा, पण मोजताना कापडाची रुंदी धरा. सगळे रोल एक मीटर रुंद नसतात.

परत गेलो तर दुकानदाराचा सूरच बदललेला. "आम्ही कुठं बनवतो दादा, वरून जसं येतं तसं देतो." बिल काढून दाखवलं, तर त्यावर केव्हलार शब्दच नव्हता! "पिवळे फॅब्रिक, 6 मीटर" एवढंच. काचेच्या कापडापुढंही जीएसएम नाही. ही भूल नव्हे, सराईतपणा आहे. बिलावर कापडाचा प्रकार, विणीचा प्रकार, जीएसएम आणि रुंदी लिहून घ्या. लिहायला का-कू केली तर तिथूनच उठा.

1915 ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात जायचीही तयारी आहे; 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथं फी लागत नाही. वर्तमानपत्रासकट पुडकं, जळका दोरा, सोनाराकडचा चौकोन, सगळं जपून ठेवलंय. तुमच्याकडे असा माल आला असेल तर सगळा वापरून टाकू नका, हातभर तरी बाजूला ठेवा.

तक्रारीनंतर दुकानदाराचा फोन आला होता, माल बदलून देतो म्हणून. मेहुणा म्हणाला, "द्या की, फक्त ह्या वेळी बिलावर केव्हलार लिहा." उद्या सांगतो म्हणाला. अजून काही सांगितलेलं नाही.