इन्सुलिन रेझिस्टन्स असताना रक्तवाहिन्यांसाठी काय निवडावं: सलग झपाझप चाल की इंटरव्हल?

इन्सुलिन साखर पेशींत पोचवतंच, शिवाय रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड तयार करायला लावतं. त्यामुळे वाहिनी सैलावते. इन्सुलिन रेझिस्टन्समध्ये, म्हणजे पेशी इन्सुलिनला नीट दाद देईनाशा होतात तेव्हा, हा मार्ग मंदावतो. वाहिनी आवळणारं एंडोथेलिन वाढवणारा मार्ग मात्र चालूच राहतो. व्यायामात रक्त जोरानं वाहू लागलं की त्याच्या घासण्यानंच अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं, इन्सुलिनवर अवलंबून न राहता.

सलग चालीत ४५ मिनिटं कमाल नाडीच्या साधारण ७० टक्क्यांवर राहायचं. इंटरव्हलमध्ये, म्हणजे जोराचे आणि हळू टप्पे आलटून पालटून करताना, १० मिनिटं वॉर्मअप, मग ४ मिनिटं ९० टक्क्यांच्या आसपास आणि ३ मिनिटं हळू; असे जोराचे चार टप्पे आणि शेवटी ५ मिनिटं सावकाश, एकूण ४० मिनिटं. वय ५० असेल तर २२० उणे वय, म्हणजे कमाल नाडी अंदाजे १७०. तिचे ७० टक्के ११९ आणि ९० टक्के १५३.

नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या संशोधकांनी २००८ मध्ये मेटाबॉलिक सिंड्रोमच्या (पोटाची चरबी, रक्तदाब, साखर वगैरे एकत्र वाढलेल्या) ३२ रुग्णांवरचा १६ आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. व्यायाम आठवड्यातून तीनदा. वाहिन्यांची प्रसरणक्षमता दोन्ही प्रकारांनी सुधारली, इंटरव्हलनं जास्त. ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता इंटरव्हलनं ३५ टक्के वाढली, सलग व्यायामानं १६. वजन आणि रक्तदाब मात्र जवळपास सारखेच उतरले. अभ्यास लहान होता, हे ध्यानात ठेवावं.

तरीही बैठं काम असणाऱ्यानं पहिले ८ ते १२ आठवडे चालच धरावी, असं आमचं ठाम मत आहे. एका व्यायामाचा इन्सुलिनवरचा परिणाम एक ते तीन दिवसांत ओसरतो, त्यामुळे सलग दोन दिवसांहून जास्त खंड नको. इंटरव्हलनं गुडघे धरले आणि आठवडा बुडाला, तर कमावलेलं जातं. नंतर आठवड्यातली एक चाल इंटरव्हलमध्ये बदलावी. सपाट रस्त्यावर नाडी चढत नसेल तर चढण किंवा जिना घ्यावा.

छातीत दुखणं, हृदयविकार किंवा डोळ्याच्या पडद्याचा वाढलेला मधुमेही विकार असेल, तर डॉक्टरांच्या तपासणीआधी इंटरव्हल नकोच. बीटा-ब्लॉकर (रक्तदाब-हृदयविकारावरची औषधं) घेणाऱ्यांची नाडी दबलेली असते; त्यांनी जोराचा अंदाज नाडीऐवजी व्यायाम करताना बोलून घ्यावा. चालताना वाक्य पूर्ण व्हावं पण गाणं म्हणता येऊ नये, आणि जोराच्या टप्प्यात दोन-चार शब्दांवर धाप लागावी. ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) किंवा इन्सुलिन चालू असेल आणि साखर १०० च्या खाली असेल, तर आधी १५ ग्रॅम कर्बोदकं घ्यावीत. तीन चमचे साखर पुरते. उलट, जोराच्या इंटरव्हलनंतर तासभर साखर चढलेली दिसू शकते. ती अॅड्रेनलिनमुळे चढते, म्हणून लगेच औषध वाढवू नये.