नेपियरचं 'बी' विकत घेऊ नका, 18,930 रुपये घालवून सांगतेय

आमच्याकडं माण तालुक्यात उन्हाळ्यात हिरवा चारा म्हणजे सोनं. दावणीला चार म्हशी आणि दोन गाई. विहिरीला मेपर्यंत पाणी पुरेल असं दिसलं, म्हणून फेब्रुवारीअखेर 20 गुंठ्यांत नेपियर, म्हणजे हत्तीगवताच्या जातीचं चाऱ्याचं गवत, लावायचं ठरवलं. कांड्या (खोडाचे तुकडे) आणायच्या तर तीन बाय दोन फुटांवर साडेतीन-पावणेचार हजार कांड्या लागणार, वर टेम्पोचं भाडं. तेवढ्यात मोबाईलवर 'सुपर नेपियर बियाणे' असा व्हिडिओ दिसला. 1,450 रुपये किलो. तीन किलोचे 4,350 आणि कुरिअरचे 180 फोनवरूनच पाठवले. समोरचा माणूस इतका गोड बोलला, "ताई, प्रक्रिया केलेलं बी आहे, कांडीची कटकटच नाही."

पुडी फोडली तेव्हा सासूबाई शेजारीच होत्या. तळहातावर राखाडी, टोकदार दाणे. त्या म्हणाल्या, "आगं, ही बाजरी हाय. हत्तीगवताला बी कधी बगितलंस का?" तिथंच थांबायला हवं होतं. मी उलट त्यांनाच म्हणाले, नवीन जात आहे, तुम्हाला माहीत नाही. हे आठवलं की आजही अंगाची लाही होते. संकरित नेपियर म्हणजे बाजरी आणि हत्तीगवताचा संकर, तो वांझ असतो, कणसात बी भरत नाही. लागण कांडीनं नाहीतर मुळासकट काढलेल्या ठोंबानंच होते. पण पैसे जाऊन बसले होते आणि रान तयार होतं. नांगरट-रोटरचे 2,400, दोन ट्रॉल्या शेणखताचे 7,000. माझ्या जागी कुणीही पेरलंच असतं.

पाचव्या दिवशी उगवण झाली, आम्ही खूश. एप्रिलच्या मध्यात कणसं बाहेर पडली. बाजरीच! कापून जनावरांना घातली, पुन्हा फुटवा धड आलाच नाही. मे महिन्यात 25 रुपयांनी 200 पेंढ्या कडबा घेतला, 5,000 गेले.

कृषी कार्यालयात गेले तर म्हणे पक्कं बिल दाखवा, लॉट नंबर सांगा, पिशवीवरचा टॅग आणा. यातलं काहीच नव्हतं. मग म्हणे पीक उभं असेल तर पंचनामा करू. जनावरं उपाशी ठेवून पीक उभं ठेवायचं होतं का? तिथून पोलिसात पाठवलं. पोलीस म्हणाले, हे बियाण्याचं प्रकरण आहे, कृषीत जा. पुन्हा कृषीत, तर तिथं 'ऑनलाइन फसवणूक आहे, सायबरला जा'. सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनला फोन लावला, तक्रार क्रमांक मिळाला, पुढं काही नाही. एक साहेब तर म्हणाले, "साडेचार हजारासाठी किती हेलपाटे घालताय?" साडेचार हजार म्हणजे आमच्या घरी काय असतं, हे त्यांना कुणी सांगायचं? हेलपाट्यांत माझे चार दिवस मोडले, चारही दिवस धारा सासूबाईंनी काढल्या.

कांड्या घ्यायच्या तर उभं गवत डोळ्यांनी बघून घ्या. तीन महिन्यांचं गवत असावं, कांडीवरचे डोळे ताजे असावेत, तोडल्यावर लगेच लावा. राहुरी विद्यापीठाची फुले जयवंत ही नेपियरची जात आहे, ओळखीच्या शेतकऱ्याकडं असेल तर त्याच्याकडून आणा. कुठलंही बी घेतलं तरी बिल आधी, पैसे नंतर. पिशवी फेकू नका, मूठभर बी बाजूला ठेवा. आणि शंका आली की पीक कापायच्या आधी लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

काल तोच व्हिडिओ पुन्हा दिसला. आता भाव 1,650 केलाय. खाली अकरा जणांनी विचारलंय, ऑर्डर कशी करायची.