पार्किन्सनच्या पेशंटला फिटनेस बँड: आमचा अनुभव

मुलाने नागपुरातल्या सीताबर्डीहून आमच्या ह्यांच्यासाठी दोन हजारांच्या आतला बँड आणला. वस्तू धडधाकट माणसांसाठी केलेली, हे लावतानाच कळलं. पट्ट्याचं इवलंसं बटण भोकात दाबायचं, तेही एका हाताने, आणि बोटं थरथरणारी. शेवटी वेलक्रोचा पट्टा वेगळा घेतला. आता स्वतःच लावतात, नि त्याचा तोरा काही विचारू नका.

पावलांच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. ह्यांचा उजवा हात मांडीवर स्वस्थ ठेवला की थरथरतो, सेकंदाला चार-सहा वेळा. या आजारातला कंप असतोच तसा. बँड त्याच मनगटावर होता तेव्हा ती थरथरही पावलांत धरायचा. "पेपर वाचता वाचता मी अंबाझरीला चक्कर मारून आलो की काय गं?" आणि खरोखर अंबाझरीला फिरवून आणलं की पावलं कमी! चालताना तो हात अंगाशी आखडलेला, पाऊल घासत पडतं. बँड बिचारा हात हलण्याची वाट बघत बसतो. डाव्या हातात घातल्यापासून आकडे बरेच ताळ्यावर आले.

पैसे वसूल झाले ते तासातासाच्या आलेखात. लेवोडोपाचा, म्हणजे पार्किन्सनच्या नेहमीच्या गोळीचा, असर पुढच्या गोळीआधीच उतरतो, हे आम्हाला जाणवायचं. पण नेमका किती वाजता, यावर आम्हा दोघांचं कधी एकमत नाही. आलेखात दिसलं: आठच्या गोळीनंतर उंच रेघा, साडेअकराच्या सुमारास एकदम बुटक्या, बाराच्या गोळीनंतर काही वेळाने पुन्हा वर. सोबत मी वहीत गोळीच्या नि जेवणाच्या वेळा लिहिते, कारण प्रथिनं जास्त झाली की गोळी नीट लागत नाही. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी वही नि मोबाइल शेजारी ठेवून पाहिलं आणि वेळा बदलून दिल्या.

उंबऱ्यापाशी पाय खिळतात, ते याला कळत नाही. त्याच्या लेखी माणूस नुसता उभा आहे. पडल्याचा इशारा नाही. मे महिन्यात पट्ट्याखाली घामोळं येतं ते वेगळंच. कंप मोजायची सोय महागड्या घड्याळांत आहे. ॲपल वॉचवरच्या स्ट्राइव्हपीडी ॲपला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०२२ साली मंजुरी दिली. आमच्या पेन्शनीत ते बसत नाही.

घ्यायचाच तर दुकानात पेशंटलाच पट्टा लावून पाहू द्या. आणि ॲपमध्ये तासागणिक आलेख दिसतो का, ते आधी विचारा. नुसती दिवसभराची बेरीज असेल तर राहू द्या.